नस उघडली, पण रक्त कुठवर पोचलं? भडगावकडच्या आबांची केस

लकव्याची, म्हणजे मेंदूच्या स्ट्रोकची, ही केस मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरतेय, आज लिहूनच टाकते. मी जळगावात आयसीयूत काम करते, एमडी मेडिसिन आहे, आणि मेंदूच्या नसांचा डॉप्लर म्हणजे टीसीडी वेगळा शिकून घेतलाय. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, गावाचं नाव पण नाही.

आबा, वय ६४, वजन ६२ किलो, गिरणाकाठचा शेतकरी, केळी आणि थोडी कपाशी. बीपीची गोळी चालू होती पण आठवड्यातून दोन-तीनदा विसरायचे. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी ओट्यावर बसून सुनेशी बोलले, चहा मागितला, सून चहा घेऊन आली तोवर ७:२५ झाले होते आणि आबांच्या उजव्या हातातून ग्लास सुटला, तोंड वाकडं, शब्द फुटेना. शेजारच्यांनी लगेच सांगितलं अंगावरून वारं गेलंय, अमुक गावाला लकव्याचं औषध देतात, तेल लावा, तिकडं न्या. यात वीसेक मिनिटं गेली. मग मुलाने कोणाचं ऐकलं नाही, गाडीत घातलं आणि आधी तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं, आणि त्या डॉक्टरांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मनापासून हात जोडते. शुगर बघितली, बीपी १९० च्या घरात असूनही जिभेखाली गोळी देऊन झटकन उतरवलं नाही, आणि चिठ्ठीवर एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलं, "शेवटचं बरं : ७:१०. सरळ जळगाव." ती चिठ्ठी आजही फाइलला लावलेली आहे.

बीपी उतरवलं नाही याचं एवढं कौतुक का, ते सांगते. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम बंद करतात पण जिवंत असतात, १० च्या आसपास आलं की मरायला लागतात. या दोन आकड्यांच्या मधला जो भाग असतो, बंद पडलेला पण न मेलेला, तोच वाचवायचा असतो, आणि तो आजूबाजूच्या बारीक नसांतून येणाऱ्या चोरट्या रक्तावर तग धरून असतो, ते रक्त ढकलायला प्रेशर लागतं. तिथं बीपी धाडकन पाडलं की तो भाग पण गेला. मोठी नस बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी जातात असा हिशोब २००६ साली मांडलेला आहे. भडगाव-पाचोरा-जळगाव हा रस्ता ज्याने केलाय त्याने तो मिनिटांत मोजून बघावा.

९:३० ला पोचले. एनआयएचएसएस, म्हणजे लकवा किती मोठा ते मोजायचा स्कोर, १५, म्हणजे ४२ पैकी, जेवढा जास्त तेवढं वाईट, उजवा हात पूर्ण पडलेला, पाय अर्धा, बोलणं बंद. सीटीत रक्तस्राव नाही, अँजिओत, म्हणजे नसांच्या फोटोत, डाव्या बाजूची मधली मोठी नस, एमसीए, मुळाच्या थोडं पुढे बंद. बीपी १९२/१०४ होतं, ते लॅबेटालॉल देऊन १८५/११० च्या खाली आणलं कारण गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं तर ती हद्द पाळावीच लागते. मग अल्टेप्लेज, किलोला ०.९ मिग्रॅ म्हणजे ५५.८, त्यातले ५.६ एकदम आणि बाकीचे ५०.२ तासाभरात. सुई लागली तेव्हा १०:०५ वाजले होते. साडेचार तासांची मुदत असते, आपण तीन तासांच्या आत होतो.

एवढी मोठी नस बंद असेल तर नुसतं औषध पुरेलच असं नसतं, तार घालून गुठळी ओढून काढणं हे २०१५ पासून पक्कं सिद्ध झालेलं आहे, पण ती सोय आमच्याकडे नाही, अजिंठ्याचा घाट चढून संभाजीनगर गाठावं लागतं. म्हणून एकीकडे औषध चालू, एकीकडे अँब्युलन्सची फोनाफोनी, आणि मधल्या वेळात मी टीसीडीचं मशीन आबांच्या उशाशी लावलं.

टीसीडी म्हणजे काय ते थोडं नीट सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्यावरच आहे. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वर कवटी पातळ असते, तिथं जेल लावून २ मेगाहर्ट्झचा प्रोब टेकवायचा आणि आत ४५ ते ६५ मिलिमीटर खोलीवर एमसीएतल्या रक्ताचा वेग ऐकायचा. १९८२ साली रुने आस्लिड यांनी हे करून दाखवलं, त्याआधी मोठ्या माणसाच्या कवटीतून नसांचा डॉप्लर जमणारच नाही असं धरून चालायचे. काहींना ही खिडकीच नसते, म्हाताऱ्या बायकांत तर बऱ्याचदा हाड जाड निघतं आणि अर्धा तास घासून काहीच ऐकू येत नाही. आबांची खिडकी चांगली होती. नॉर्मल वेग सरासरी ५५ सेंमी/सेकंदच्या आसपास. आणि हे लक्षात ठेवा की मशीन वेग सांगतं, रक्त किती जातंय ते सांगत नाही, नळीची रुंदी त्याला दिसत नाही. प्रोबचा कोन ३० अंशांनी चुकला तरी वेग १३ टक्के कमी दिसतो. म्हणून दोन्ही बाजू, तीच खोली, तोच हात, आणि तुलना.

१०:१५ ला डावीकडे नुसते टोकदार ठोके, दोन ठोक्यांच्या मध्ये प्रवाह शून्य. बंद नसेतून प्रवाह किती परतलाय ते सांगणाऱ्या टिबी स्केलवर याला ग्रेड १ म्हणतात, ० म्हणजे काहीच नाही आणि ५ म्हणजे नॉर्मल. उजवीकडे ५८. मी प्रोब हलवलाच नाही, हेडबँडला अडकवून स्पीकर चालू ठेवला. ज्यांनी हे कधी ऐकलं नाही त्यांना कसं सांगू, बंद नसेचा आवाज दार ठोठावल्यासारखा असतो, टक, टक, आणि साधारण १०:४० नंतर त्या टक टकच्या मागे हळूहळू फूऽऽ असा ओढा यायला लागला, १०:५० ला सरासरी वेग ३४, म्हणजे उजवीपेक्षा कमी पण चालू, ग्रेड ३. आबांच्या अंगठ्याने चादर चिमटीत धरली तेव्हा सिस्टर आणि मी दोघी एकदमच बघत होतो. ११:२५ ला डावी ६१, उजवी ५८. स्कोर १५ वरून ७. परत अँजिओ केली, नस मोकळी. अँब्युलन्स रद्द केली.

इथवर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं, आणि खरं सांगू, बहुतेक ठिकाणी मोजमाप इथंच थांबतं. नस उघडली, फोटो चांगला आला, पुढे २४ तास बीपी १८०/१०५ च्या खाली ठेवा, पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, मग तासाला मोजा. नसेतून रक्त किती आणि कसं जातंय हे परत कोणी बघत नाही. मी त्या दिवशी ड्युटी संपवून घरी गेले, पण नाइटच्या रेसिडेंटला सांगून गेले की रात्री एकदा प्रोब लाव.

रात्री १२:४० ला त्याचा फोन. "मॅडम, डावी एमसीए १३८. पेशंट बेचैन आहे, बोलणं परत बिघडलंय, काहीतरी असंबद्ध बडबडतोय. बीपी १७२/९६." पोरगा हुशार आहे, कोकणातला, त्याने टिबीचा तक्ता उघडून बघितला होता आणि तक्ता म्हणतो की सरासरी वेग ८० च्या वर आणि दुसऱ्या बाजूपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त असेल तर ग्रेड ४, म्हणजे नस अरुंद. त्याचा निष्कर्ष असा की गुठळी परत जमतेय, नस आक्रसतेय, बोलणं बिघडलं ते त्यामुळे, मग बीपी अजिबात उतरवू नये, उलट सलाईन वाढवावं. तक्त्याप्रमाणे तो बरोबर होता.

मी पंधरा मिनिटांत पोचले. आबा डोकं इकडून तिकडे करत होते आणि जड जिभेने तेच तेच म्हणत होते. मी वाकून ऐकलं. "डोकं... दुखी ऱ्हायनं... माय, डोकं दुखी ऱ्हायनं."

बडबड नव्हतीच ती. अहिराणी होती. डोकं दुखतंय. आमच्या घरी आजी असंच म्हणायची, मी धुळ्याची, मला पहिल्या वेळी कळलं. जीभ जड, त्यात अहिराणी, त्या पोराला कसं कळणार, त्याची काहीच चूक नाही. पण फाइलवर "बोलणं बिघडलं, स्कोर ७ वरून ९" असं चढलं होतं आणि तेवढ्यावरून अख्खी दिशा उलटी ठरत होती. सकाळी ज्या माणसाला एक शब्द येत नव्हता तो रात्री पूर्ण वाक्य बोलत होता, म्हणजे बोलणं सुधारलं होतं, आणि तो तक्रार कसली करत होता तर डोकेदुखीची. नस बंद होताना सहसा डोकं असं ठणकत नाही, रक्त जास्त झालं की ठणकतं.

पहिली भीती रक्तस्रावाची, म्हणून तातडीने सीटी, १:०५ ला. रक्त नाही. मग मशीन घेऊन बसले.

वेग १३८ का होतो याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचा उपाय एकमेकांच्या उलट आहे. एक, नळी एका जागी चिमटलेली आहे, तिथून रक्त जोरात निसटतंय, पुढे कमी पोचतंय. दोन, नळी ठीक आहे पण पुढच्या बारीक नसा सगळ्या सैल पडल्यात. काही तास उपाशी राहिलेल्या मेंदूत हे होतं, नसांना स्वतःला आवळून धरायची जी सवय असते, ज्यामुळे बीपी वरखाली झालं तरी मेंदूत रक्त तेवढंच जातं, ती सवयच मोडते, आणि मग बीपी जेवढं तेवढं रक्त आत घुसतं. पहिल्यात बीपी राखायचं, दुसऱ्यात उतरवायचं. दुसऱ्यात राखलं तर सूज नाहीतर रक्तस्राव, आणि विरघळवायचं औषध दिलेल्या माणसात तो रक्तस्राव म्हणजे खेळ संपला.

मी एकेक करत खोली बदलत गेले. ५० ला १३२, ५४ ला १३८, ५८ ला १३६, ६२ ला १२९. कुठंही एकाच जागी उडी नाही, पूर्ण नस सारखीच धावतेय, आणि चिमटलेल्या नसेत जो खरखरीत आवाज येतो तो पण नाही. ५४ च्या जागी वरचा वेग, म्हणजे ठोक्याच्या क्षणीचा, १९०, खालचा, दोन ठोक्यांच्या मधला, ११२. पल्सॅटिलिटी इंडेक्स, म्हणजे पुढे अडथळा किती आहे त्याचा अंदाज, काढायचा तर १९० वजा ११२ भागिले १३८, आला ०.५७. उजवीकडे वर ९२, खाली ४१, सरासरी ५८, इंडेक्स ०.८८. म्हणजे डावीकडे पुढचा अडथळा कमी झालेला आहे, रक्त दोन ठोक्यांच्या मध्ये पण धो धो चाललंय. मग प्रोब जबड्याच्या कोनाखाली, मानेतल्या नसेवर. डावीकडे ५६, उजवीकडे ३६. हे महत्त्वाचं, कारण वर नस चिमटली असती तर मानेतला वेग वाढला नसता. १३८ भागिले ५६ म्हणजे २.५ च्या आत, आणि हे गुणोत्तर ३ च्या खाली असेल तर आकसण्यापेक्षा जास्तीच्या प्रवाहाकडे बोट जातं. हे लिंडेगार्डचं गुणोत्तर, मुळात मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या पेशंटसाठी काढलेलं, पण तर्क तोच.

एक अडचण होती, आबांची नाडी वेडीवाकडी होती. मॉनिटरवर एट्रियल फिब्रिलेशन दिसायला लागलं होतं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित, त्यात हृदयात गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, स्ट्रोकचं मूळ बहुधा तेच. अशा वेळी एकेका ठोक्याचा वेग वेगळा येतो, एक १५० चा, दुसरा ११० चा, आणि मशीनने पकडलेला एखादा मोठा ठोका आकडा म्हणून लिहिला की फसगत. म्हणून प्रत्येक जागी पंधरा-वीस ठोक्यांची सरासरी घेतली, वेळ लागला, पण त्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही.

आबांचा मुलगा बाहेर बाकावर बसलेला, त्याला बोलावून सांगायला गेले की नस चांगली उघडलीय पण रक्त जास्त जातंय, तो म्हणे, जास्त जातंय तर चांगलंच ना मॅडम. केळीवाल्याला ठिबकचं सांगितलं की कळतं म्हणून मी म्हटलं, नळीतून पाणी जोरात वाहतंय असं कधी दिसतं तुम्हाला? त्याने जराही विचार न करता सांगितलं, एक तर नळी कुठं मोडली असेल तर त्या मोडीच्या जागी, नाहीतर शेवटचं एन्ड कॅप निघालं असेल तर अख्ख्या नळीत, आणि मग शेवटच्या झाडापाशी चिखल होतो. मी चार खोल्यांवर मोजून जे ठरवलं ते हा माणूस रोज शेतात ठरवतो. "म्हंजे आबांचं कॅप निघालं का?" हो, तसंच समजा. मग म्हणे, मोटर कमी करा.

मोटर कमी केली, पण बेतानं. इथं घाईत १२० पर्यंत पाडायचा मोह होतो. तार घालून नस उघडलेल्या पेशंटवर चीनमध्ये झालेला मोठा अभ्यास, एनचांटेड-२, २०२२ चा, त्यात वरचं बीपी १२० च्या खाली नेलेल्यांची अवस्था जास्त वाईट झाली आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आणि विरघळवायचं औषध घेतलेल्यांवरचा आधीचा, २०१९ चा, त्यात १३०-१४० पर्यंत उतरवल्याने मेंदूतले रक्तस्राव कमी झाले पण तीन महिन्यांनंतरचा निकाल काही सुधारला नाही. माझं मत असं की या अभ्यासांत सगळ्यांना एकच आकडा लावला, कोणाची नळी मोडलेली आणि कोणाचं कॅप निघालेलं हे बघितलं नाही, म्हणून सरासरी सपाट येते. आबांसाठी आम्ही १४० ते १५० ठरवलं, लॅबेटालॉल थोडं थोडं, आणि प्रोब डोक्यालाच बांधून ठेवला.

२ वाजता बीपी १४६/८४, डावी ११२, उजवी ५६. ही ओळ मला पूर्ण केसमधली सगळ्यात मोलाची वाटते. तीच छाती, तेच बीपी, पण उजव्या मेंदूने ते उतरल्याची दखलसुद्धा घेतली नाही, दोनने कमी म्हणजे काहीच नाही, आणि डावा बीपीच्या मागे मागे २६ ने खाली आला. नसांची सवय मोडलीय हे याहून उघड काय दिसणार. ३ च्या सुमारास आबा म्हणाले, "आते बरं शे", आणि झोपले. सहा वाजता डावी १०४.

दुसऱ्या दिवशी २४ तास झाल्यावर सीटी, सोबत परफ्युजन. ही तपासणी वेग नाही, त्या त्या जागेला रक्त किती मिळतंय ते दाखवते, ठिबकच्या भाषेत नळी न बघता प्रत्येक झाडाखालची ओल. डाव्या बाजूच्या वरच्या थरात उजवीपेक्षा जास्त रक्त, म्हणजे रात्रीचं वाचन बरोबर. पण आत खोलवर, लेंटिफॉर्म भागात, बोराएवढी जागा निळी, रक्त कमी, साध्या सीटीतही काळपट. मुख्य नस धो धो वाहतेय आणि तिच्याच बुंध्यातून निघणाऱ्या बारीक फांद्यांचं शेत कोरडं. त्या फांद्यांना शेजारून मदत मिळत नाही, म्हणून तो भाग आधी मरतो, आणि शिवाय केशवाहिन्या आतून चोंदतात, त्यांच्याभोवतीच्या पेरिसाइट पेशी आवळून बसतात, पांढऱ्या पेशी अडकतात, मग वरून नस उघडली तरी खाली पाणी उतरत नाही. सशांवरच्या प्रयोगात हे १९६८ साली दिसलं होतं, नो-रिफ्लो नाव तेव्हाचं. ड्रिपर चोंदलेत, एवढंच मुलाला सांगितलं, तो बराच वेळ काही बोलला नाही.

रक्तस्राव नव्हता म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू, पुढे नाडीसाठी रक्त पातळ करायची गोळी. पाणी देण्याआधी गिळण्याची चाचणी, चमचाभर पाणी, आबा गिळून म्हणाले "आखो", अजून. तिसऱ्या दिवशी डावी ८४, पाचव्या दिवशी ६३, इंडेक्स दोन्हीकडे सारखा. सहाव्या दिवशी घरी, स्कोर ४. बोलणं जवळजवळ पूर्ण, पाय चांगला, उजव्या हाताची बोटं मात्र जड, ती त्या बोराएवढ्या जागेची किंमत.

आमच्या तपासणीच्या कागदावर आता दोन गोष्टी वाढवल्यात. एमसीएचा नुसता एक आकडा लिहायचा नाही, चार खोल्या, इंडेक्स आणि मानेतला वेग सोबत लिहायचा, आणि बीपी बदललं की अर्ध्या तासाने परत मोजायचं. दुसरी, सगळ्यात वर, नाव आणि वयाच्या खाली, पेशंट घरी कुठली बोली बोलतो. अहिराणी, तावडी, पावरी, भिली, जे असेल ते, आणि घरचं एक माणूस रात्री स्कोर काढताना जवळ उभं. नंदुरबारकडून पावरी बोलणाऱ्या एक आजी आल्या तेव्हा त्यांच्या नातवाला आम्ही रात्री दोनदा उठवलं, त्याने कुरकुर केली नाही.

सहा आठवड्यांनी आबा दाखवायला आले. डावी ५५, उजवी ५७. गोळ्या सुनेच्या ताब्यात दिल्यात असं मुलाने सांगितलं. बाहेर चहा मागवला होता, आबांनी ग्लास उजव्या हातातच घेतला, डाव्याचा तळवा खाली आधाराला लावून, अर्धाच भरलेला, आणि सावकाश संपवला.